‘सकम’ म्हणजे नेमकं काय: शरण जाणं, बळी पडणं की टिकाव न लागणं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शब्दकोशात ‘सकम’ या इंग्रजी क्रियापदापुढे शरण जाणे, हार मानणे, बळी पडणे आणि मरण पावणे असे चार अर्थ दिले आहेत. त्यातला कुठला कधी घ्यायचा? सोबत विचारणाऱ्यांनी स्वतःची तीन वाक्यं दिली आहेत. पहिलं, ‘द मॅनेजर सकम्ड टू माय लीव्ह रिक्वेस्ट’. म्हणजे साहेबांनी रजा मंजूर केली. दुसरं, ‘माय अंकल सकम्ड टू ॲन ॲक्सिडेंट ऑन द स्पॉट’. म्हणजे काका अपघातात जागीच गेले. तिसरं, ‘आय वॉज सकम्ड टू ॲन ऑनलाइन फ्रॉड’. म्हणजे माझी ऑनलाइन फसवणूक झाली. व्याकरण तपासणाऱ्या ॲपनं फक्त तिसऱ्याखाली लाल रेघ ओढली. मग पहिली दोन वाचणारा का हसला, हे कळत नाही.

खरी अडचण अर्थ माहीत नसण्याची नाही. चारही अर्थ बरोबर आहेत. पण ते चार वेगळे अर्थ नसून एकाच चित्राच्या चार सावल्या आहेत, आणि मूळ चित्र मराठी प्रतिशब्दांत पुरतं उतरत नाही. सगळ्यात जास्त घोटाळा ‘बळी पडणे’ या शब्दानं होतो. मराठीत आपण मोहाला बळी पडतो, अफवेला बळी पडतो, अपघातात बळी पडतो, फसवणुकीला बळी पडतो. इंग्रजीत यातलं फक्त पहिलं ‘सकम’च्या हद्दीत येतं. बाकीच्यांसाठी वेगळे शब्द आहेत.

मूळ चित्र लॅटिनमधलं आहे. ‘सुक्कुम्बेरे’ या लॅटिन क्रियापदात दोन तुकडे आहेत: ‘सब’ म्हणजे खाली, आणि ‘कुम्बेरे’ म्हणजे आडवं होणं. अंगावरच्या ओझ्याखाली माणूस उभा राहायला धडपडतो आहे, शेवटी गुडघे वाकतात आणि तो त्या ओझ्याखाली आडवा होतो, असं ते दृश्य आहे. त्यात तीन गोष्टी गृहीत आहेत. वरून दाबणारं काहीतरी आहे. काही काळ तरी त्याला विरोध झाला आहे. आणि शेवट माणसाच्या मर्जीनं झालेला नाही, ताकद संपल्यामुळे झाला आहे. या तीनपैकी एक जरी नसली तर ‘सकम’ खटकतो.

याच धातूचे नातेवाईक ओळखीचे आहेत. पदावर असलेल्या माणसाला ‘इन्कम्बंट’ म्हणतात, म्हणजे त्या पदावर ‘पहुडलेला’. अंडी उबवण्यासाठी त्यांच्यावर बसणं म्हणजे ‘इन्क्युबेट’, आणि ‘क्युबिकल’ म्हणजे मुळात झोपायची खोली. (काकडीचं इंग्रजी नाव या घराण्यातलं नाही, फक्त कानाला तसं वाटतं.) ही व्युत्पत्ती पाठ करायची गरज नाही. पण ‘आडवं होणं’ एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं व्याकरण आपोआप सुटतं.

ते कसं, ते ‘सरेंडर’शी ताडून पाहा. ‘सरेंडर’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी ‘देऊन टाकणं’ आहे. देणं आलं की दिली जाणारी वस्तू आली. म्हणून ‘ही सरेंडर्ड हिज पासपोर्ट’ चालतं: त्यानं पासपोर्ट जमा केला. ‘सकम’मध्ये काही दिलं जात नाही, माणूस स्वतःच खाली जातो. म्हणून त्याला कर्म नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा ‘दुसऱ्याला खाली पाडणे’ अशा सकर्मक अर्थानं वापरला जाई. तो वापर केव्हाच मेला. साधारण 1600 पासून स्थिरावला तो आजचा अकर्मक वापर. आणि अकर्मक म्हटल्यावर कर्मणी प्रयोगही नाही. तुमचं ‘आय वॉज सकम्ड’ ॲपनं पकडलं ते यासाठी. मराठीत ‘माझी फसवणूक झाली’, ‘मी बळी ठरलो’ असं म्हणायची सवय असल्यानं इंग्रजीत तो ‘वॉज’ नकळत घुसतो. ‘गॉट सकम्ड’ हेही त्याच कारणानं चूक.

आता सर्वात उपयोगी गोष्ट. ‘सकम’ला ‘बळी पडणे’ हा प्रतिशब्द डोक्यातून काढून टाका आणि त्या जागी ‘…पुढे टिकाव न लागणे’ ठेवा. भाषांतर तपासताना ही एक कसोटी बहुतेक चुका गाळून टाकते. मोहापुढे टिकाव लागला नाही: चालतं. दबावापुढे, आजारापुढे, जखमांपुढे, थंडीपुढे, थकव्यापुढे, झोपेपुढे टिकाव लागला नाही: सगळी चालतात, आणि इंग्रजीतही या सगळ्यांच्या आधी ‘सकम टू’ बसतं. आता म्हणून पाहा, ‘फसवणुकीपुढे टिकाव लागला नाही’. वाक्य लंगडतं. कारण फसवणुकीत माणूस झुंजलेलाच नसतो. आपल्याशी काय चाललंय ते कळलं असतं तर फसवणूक झालीच नसती. ‘अपघातापुढे टिकाव लागला नाही’ हेही विचित्र, कारण अपघात क्षणात होतो. झुंज चालते ती अपघातातून झालेल्या जखमांशी.

या कसोटीचा आणखी एक फायदा आहे. मराठीतलं ‘पुढे’ आणि इंग्रजीतलं ‘टू’ इथे अगदी जोडीनं चालतात. शब्दयोगी अव्ययांच्या चुका ‘ने’, ‘मुळे’ आणि ‘खाली’ या मराठी सवयींमधून येतात. ‘जखमांमुळे मृत्यू झाला’ डोक्यात असलं की हातून ‘सकम्ड फ्रॉम इन्ज्युरीज’ किंवा ‘ड्यू टू’ लिहिलं जातं. ‘दबावाखाली’ डोक्यात असलं की ‘सकम्ड अंडर प्रेशर’ येतं. दुसरं वाक्य काहीजण लिहितातही, पण सरळ, निर्धोक रूप ‘सकम्ड टू प्रेशर’ हेच. ‘अंडर’ हवंच असेल तर क्रियापद बदला: ‘बकल’ किंवा ‘क्रॅक’ यांच्यापुढे ‘अंडर प्रेशर’ शोभतं.

‘टू’बद्दल एक खाचखळगा आहे. तो नामापूर्वी येणारा ‘टू’ आहे, क्रियापदाच्या मूळ रूपापूर्वीचा नाही. म्हणून ‘शी सकम्ड टू बाय अ न्यू फोन’ चूक. ‘सकम्ड टू बाइंग’ व्याकरणानं चालतं, पण कानाला जड जातं. इंग्रजी बोलणारे बहुतेक वेळा मध्ये एक नाम ठेवतात: ‘सकम्ड टू द टेम्प्टेशन टू बाय अ न्यू फोन’. यात दोन ‘टू’ आहेत आणि दोन्ही वेगळे आहेत: पहिल्यानंतर ‘टेम्प्टेशन’ हे नाम, दुसऱ्यानंतर ‘बाय’ हे क्रियापद. किंवा सगळ्यात सोपं, ‘टू’ गाळूनच टाकतात: ‘आय फायनली सकम्ड अँड बॉट वन’. शेवटी राहवलं नाही, घेतलाच. दाब कशाचा होता हे संदर्भातून कळत असेल तर ‘टू’शिवाय वाक्य पूर्ण होतं. वेढा पडलेला किल्ला ‘सकम’ होतो, आठवडाभर झुंजलेला रुग्ण ‘सकम’ होतो. पुढे काही जोडावं लागत नाही.

इथे थांबून तुमच्या पहिल्या वाक्याकडे येऊ, कारण ते चूक की बरोबर हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ॲप ते ठरवू शकत नाही.

‘द मॅनेजर सकम्ड टू माय लीव्ह रिक्वेस्ट’ व्याकरणानं निर्दोष आहे. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येतं? एक अर्ज, आणि त्याच्या भारानं टेबलाखाली कोसळलेले साहेब. साध्या अर्जाला एवढं वजन नसतं, म्हणून हसू येतं. साहेबांनी अर्ज वाचून सही केली असेल तर ‘ॲप्रूव्ह्ड’ किंवा ‘ग्रँटेड’ लिहा, विषय संपला. आधी नाही म्हणाले, दोन दिवसांनी मन बदललं, तर ‘रिलेंटेड’. तुम्ही आठवडाभर रोज पाठपुरावा केलात, कंटाळून त्यांनी होकार दिला, तर ‘गेव्ह इन’. आणि तुम्ही मित्राला गमतीनं सांगताय की पंधरा मेल, सहा फोन आणि जेवणाच्या सुट्टीत घातलेला घेराव यांपुढे साहेबांचा टिकाव लागला नाही, तर ‘सकम्ड’च हवा! तिथे अतिशयोक्ती हाच विनोद आहे. मात्र तो विनोद साहेबांना जाणाऱ्या मेलमध्ये करू नका. ‘तुम्ही सकम झालात’ म्हणजे ‘तुम्ही कमजोर पडलात’ असं त्यात दडलेलं असतं. ज्याच्याबद्दल हा शब्द वापरता तो हरलेला ठरतो, हे कायम लक्षात ठेवा.

म्हणजे नमतं घेण्याच्या इंग्रजी शब्दांमध्ये निवड करताना ‘कोण नमलं’ यापेक्षा ‘कसं नमलं’ हे आधी विचारायचं. ‘रिलेंट’चं मूळ लॅटिन ‘लेंटुस’ म्हणजे लवचीक, आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ चक्क वितळणे असा होता. आपलं ‘विरघळणे’ किंवा ‘मनाला पाझर फुटणे’ इतकं जवळचं दुसरं काही सापडणार नाही. कडक भूमिका घेतलेला माणूस स्वतःहून सैल होतो, तेव्हा तो शब्द. त्याला सहसा ‘टू’ लागत नाही. नुसतं ‘ही रिलेंटेड’. आणि तो नेहमी अधिकार असलेल्या बाजूचा असतो. परवानगी देणारा ‘रिलेंट’ होतो, मागणारा नाही.

‘यील्ड’ हा मोठा आणि शांत शब्द आहे. त्याचं मूळ जुन्या इंग्रजीतलं ‘पैसे चुकते करणे’. जर्मन भाषेत पैशाला ‘गेल्ड’ म्हणतात तो याचाच भाऊबंद. चुकतं करण्यातून दोन वाटा फुटल्या. एक, उत्पन्न देणं: शेताचं ‘यील्ड’, रोख्याचं ‘यील्ड’. दुसरी, जागा किंवा हक्क सोडणं. अमेरिकेत रस्त्यावर ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ सांगणाऱ्या त्रिकोणी पाटीवर हाच शब्द असतो, आणि हा शब्द असलेली पहिली पाटी 1950 साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात लागली. ब्रिटनमध्ये त्याच पाटीवर ‘गिव्ह वे’ लिहिलेलं असतं. पाटीवर ‘सकम’ कधीच येणार नाही, कारण वाट देणारा गाडीवाला हरलेला नसतो. नियम पाळून, शुद्धीवर राहून त्यानं वाट दिलेली असते. ‘यील्ड’मध्ये शहाणपण असू शकतं. ‘सकम’मध्ये नसतं.

‘सबमिट’ म्हणजे कुणाचा तरी अधिकार मान्य करून त्याच्या स्वाधीन होणं. अर्ज दाखल करणं हा त्याचाच दुसरा वापर. ‘डिफर टू’ म्हणजे मान राखून दुसऱ्याचं म्हणणं पुढे जाऊ देणं; तज्ज्ञाच्या मतापुढे आपण ‘डिफर’ करतो, ‘सकम’ नाही. ‘कन्सीड’ तोंडानं होतो: मुद्दा कबूल करणं, पराभव मान्य करणं, फुटबॉलमध्ये गोल खाणं. ‘ॲक्विएस’ तोंड मिटून होतो, मुकाट्यानं चालू देणं. त्याच्यापुढे बहुधा ‘इन’ येतो. ‘कपिट्युलेट’ मुळात कलमं लिहून, अटी ठरवून केलेली शरणागती होती. आज मात्र बातम्यांत तो तुच्छतेनं वापरतात, म्हणजे आपलं ‘गुडघे टेकले’. या सगळ्यांत काहीतरी निर्णय आहे, भला किंवा बुरा. ‘सकम’ हा एकटाच असा की जिथे निर्णय घेणाराच कोसळतो.

म्हणूनच निर्जीव वस्तू आणि झाडंझुडपंही ‘सकम’ होऊ शकतात. झाड रोगापुढे, जुनी भिंत पावसापुढे, पूल पुरापुढे. ही वाक्यं नैसर्गिक वाटतात, तर ‘भिंतीनं रिलेंट केलं’ हे हास्यास्पद. टिकाव लागायला इच्छाशक्ती लागत नाही, मजबुती लागते.

आता मृत्यूबद्दल. बहुतेक वाचकांची या शब्दाशी गाठ इथेच पडते, आणि चुकाही इथेच दाटीनं होतात.

मराठी बातमीत जसं ‘उपचारादरम्यान मृत्यू झाला’ हे साच्याचं वाक्य असतं, तसं इंग्रजी बातमीत ‘सकम्ड टू हिज इन्ज्युरीज’. दोन्ही साचे एकच माहिती देतात: जखम आधी झाली, मृत्यू नंतर, आणि मधे काही तास किंवा दिवस गेले. ‘सकम’चं सगळं वजन त्या मधल्या वेळेवर आहे. म्हणून ‘सकम्ड ऑन द स्पॉट’ हे वाक्य स्वतःलाच खोडून काढतं. जागीच मृत्यू झाला असेल तर ‘डाइड ऑन द स्पॉट’, किंवा अधिक रूढ ‘डाइड ॲट द सीन’, नाहीतर ‘वॉज किल्ड इन्स्टंटली’. वर्तमानपत्रांत ‘सकम्ड ऑन द स्पॉट’ छापलेलं दिसतं हे खरं आहे, पण छापलं गेलं म्हणून ते आदर्श ठरत नाही.

दुसरी चूक नामाची. ‘सकम्ड टू’नंतर मृत्यूचं कारण येतं, मृत्यूचा प्रसंग नाही. जखमा, आजार, संसर्ग, भाजणं, उष्माघात ही कारणं आहेत. अपघात, भांडण, हल्ला, स्फोट हे प्रसंग आहेत. ‘सकम्ड टू बर्न्स’ ठीक, ‘सकम्ड टू द फायर’ माणसाबद्दल टाळा. लाकडी इमारतीबद्दल मात्र तेच वाक्य चालून जातं, कारण इमारत खरोखर आगीशीच टक्कर देत असते. आणि ‘सकम्ड टू डेथ’ कधीही नको. मृत्यू हा शेवट आहे. त्याला पुन्हा दाबणारी शक्ती बनवलं की एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते.

तिसरी बाब लहान, पण लेखनाचा दर्जा चटकन दाखवणारी. आजार एकदा येणारा झटका असेल तर त्याच्याआधी ‘अ’ लागतो: ‘सकम्ड टू अ हार्ट अटॅक’. नुसत्या ‘टू हार्ट अटॅक’ला मराठीची चव येते. कॅन्सर, मलेरिया अशा नावांना काही लागत नाही. जखमांआधी ‘हिज’ किंवा ‘हर’ हवं. मथळ्यात जागेसाठी गाळतात, मजकुरात गाळू नये.

चौथी गोष्ट चूक नाही, सापळा आहे. खेळाच्या बातमीत ‘सकम्ड टू अ नी इन्ज्युरी’ वाचून कुणी दचकू नये. एकवचनी, ठरावीक अवयवाची दुखापत असेल तर अर्थ एवढाच की खेळाडूला माघार घ्यावी लागली. संघही ‘सकम’ होतात: फिरकीपुढे, धावसंख्येच्या दडपणापुढे. मरतं कुणी नाही. उलट, वैज्ञानिक शोधनिबंधात संसर्ग दिलेल्या उंदरांबद्दल नुसतं ‘सकम्ड’ लिहिलेलं असेल तर ते मेले असाच अर्थ घ्यायचा. तिथे हा शब्द मोजून वापरतात, कारण संसर्गानं मेलेले प्राणी आणि यातना वाचवण्यासाठी संशोधकांनी मारलेले प्राणी वेगळे दाखवायचे असतात. भाषांतर करताना पहिल्या ठिकाणी ‘दुखापतीमुळे बाहेर पडला’, दुसऱ्या ठिकाणी ‘दगावले’. ‘दगावणे’ हा खरं तर ‘सकम’च्या मृत्युवाचक अर्थाला मराठीतला फार चांगला शब्द आहे: त्यात आजारपण गृहीत आहे, पण उगाच नाट्य नाही. अर्थात तो जवळच्या किंवा मान्यवर व्यक्तीबद्दल वापरवत नाही. तिथे मराठीत ‘निधन’च.

काळाबद्दल थोडं. ‘सकम’ हा शेवटचा क्षण आहे, झुंज नव्हे. म्हणून झुंजीचा काळ ‘आफ्टर’नं जोडतात: ‘सकम्ड आफ्टर अ टू-इयर इलनेस’. ‘सकम्ड फॉर टू इयर्स’ असं लिहिलं तर दोन वर्षं तो कोसळतच होता असा अर्थ निघतो. चालू काळ दुर्मिळ आहे, पण आहे: अनेक झाडं एकेक करून रोगाला हार जात असतील तर ‘द ट्रीज आर सकमिंग’ योग्य. एका माणसाबद्दल ‘ही इज सकमिंग’ म्हणजे तो शेवटच्या घटका मोजतोय किंवा मोहापुढे त्याचा निर्धार डळमळू लागलाय. जोडीला येणारी क्रियाविशेषणंही हेच सांगतात: ‘फायनली’, ‘इव्हेंच्युअली’ सर्वात जास्त, त्यानंतर ‘ऑलमोस्ट’ आणि ‘ऑल टू ईझिली’. ‘रिफ्यूज्ड टू सकम’ हा नकारार्थी साचाही रूढ आहे, तो कौतुकाचा.

लेखन आणि उच्चार यांचा मेळ लावून टाकू. लिहिताना एस, यू, मग दोन सी, यू, एम आणि शेवटी बी. एक सी विसरणं ही नेहमीची चूक. ‘सब’मधला बी पुढच्या सीसारखा झाला म्हणून दोन सी आले, एवढं आठवलं की विसरणार नाही. उच्चार ‘सकम’, जोर ‘कम’वर, ‘ये’ या अर्थाच्या ‘कम’शी यमक जुळणारा. शेवटचा बी मुका, जसा अंगठ्याच्या ‘थम’मध्ये किंवा कोकराच्या ‘लॅम’मध्ये. प्रत्यय लागला तरी तो मुकाच राहतो: ‘सकम्ड’, ‘सकमिंग’. ‘सकम्बिंग’ म्हणू नका. मग ‘इन्कम्बंट’मध्ये बी का ऐकू येतो? कारण तिथे तो मूळ इंग्रजी शब्दाच्याच पोटात आहे, शेवटाला नाही. ‘बॉम’ आणि ‘बॉमर’मध्ये बी गप्प, पण ‘बॉम्बार्ड’मध्ये बोलतो, तोच हा प्रकार.

या क्रियापदाचं रोजच्या वापरातलं नाम नाही. ‘त्याचं मोहाला वश होणं’ असं नामरूप हवं असेल तर ‘सकमिंग टू टेम्प्टेशन’ हेच वापरा. स्वतःहून ‘सकमेशन’ वगैरे बनवू नका. गरज पडली तर ‘सरेंडर’ किंवा ‘डिफीट’ ही नामं उसनी घ्या.

उरलेल्या दोन वाक्यांचा निकाल लावू. फसवणुकीसाठी इंग्रजीत ‘फॉल’च्या जोड्या आहेत, आणि त्यांचे छटाभेद कामाचे आहेत. ‘आय फेल फॉर ॲन ऑनलाइन स्कॅम’ म्हणजे मी त्यावर विश्वास ठेवला, भुललो; थोडी चूक माझीही. ‘आय फेल व्हिक्टिम टू ॲन ऑनलाइन स्कॅम’ म्हणजे मला लक्ष्य केलं गेलं; चूक त्यांची. मित्राला पहिलं सांगा, तक्रारीत दुसरं लिहा, किंवा तक्रारीपुरतं ‘आय वॉज चीटेड’ किंवा ‘डिफ्रॉडेड’ अधिक नेमकं. मराठीतलं ‘भूलथापांना बळी पडणे’ नेहमी याच घरात जातं. फक्त एका परिस्थितीत ‘सकम’ परत येतो: समोरचा धमकावतोय हे कळत होतं, पैसे देऊ नयेत हेही कळत होतं, तीन दिवस नकार दिला आणि मग भीतीनं पैसे पाठवले. तिथे ‘सकम्ड टू देअर थ्रेट्स’ अगदी चपखल, कारण आता दाब आहे आणि विरोधही झाला आहे.

काकांबद्दलचं वाक्य रजेच्या अर्जातलं दिसतं. तिथे ‘सकम’ची मुळीच गरज नाही, आणि मृत्यूआधी जखमांवर उपचार झाले असते तरी ती नसती. हा बातमीदाराचा शब्द आहे, नातेवाइकाचा नाही. दूरच्या माणसाच्या मृत्यूची कारणमीमांसा करताना तो बरा. आपल्या माणसाबद्दल लिहिताना तो थंड वाटतो, आणि ‘झुंजीत हरले’ ही त्याची सावली दुःखात असलेल्या कुटुंबाला टोचू शकते. सांत्वनाच्या पत्रात तर तो कटाक्षानं टाळा. दीर्घ आजारानंतर गेलेल्या माणसाच्या घरच्यांना ‘युवर फादर सकम्ड टू कॅन्सर’ असं लिहिणं म्हणजे त्यांना माहीत असलेली गोष्ट त्यांनाच बातमीच्या भाषेत ऐकवणं. ‘आय वॉज सॉरी टू हिअर अबाउट युवर फादर’ एवढं पुरे. कारण लिहायचंच नाही. आणि अर्जात सरळ लिहा: ‘माय अंकल डाइड इन अ रोड ॲक्सिडेंट यस्टरडे’, आणि त्याखाली किती दिवस रजा हवी ते.